हिरव्या चौकडीचा झगा

सोलापूर
८ जानेवारी २०२४

चि. प्रतिक्षा,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आणि फोटो मिळाला. पत्र लिहिलंस हे बरं केलंस. मला फोनवर ऐकू येत नाही असं तुझा बाप सगळीकडे सांगत फिरतो. मला नीट ऐकू येतं. फोनवर माणसं विचार न करता बोलतात, ते ऐकायची माझी इच्छा नसते.

फोटोबद्दल. तू घातलेला झगा साठ वर्षांपूर्वीचा आहे असं लिहिलंस. दिसतंच आहे. त्याची कंबर तुझ्या कमरेच्या दोन बोटं वर बसली आहे आणि डावा खांदा उतरला आहे. दुरुस्ती तू स्वतः केली असशील तर डाव्या खांद्याची शिलाई उसवून पुन्हा घाल. उभी पण नीट राहत जा.

आता मुद्दा. पुण्यात चांगली नोकरी असलेली अठ्ठावीस वर्षांची मुलगी जुन्या बाजारातून परक्या बायकांचे झगे शोधून आणते आणि अंगावर घालते, हे मला कळत नाही. तुझे आजोबा, आमचे तात्या, छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले. त्याच आठवड्यात त्यांनी घरात सांगितलं, आजपासून या घरात कुणाचं उतरलेलं अंगावर घालायचं नाही. एकच जोड असेल तर एक, पण तो स्वतःचा. माझ्या आजीनं, अंबुबाईनं, दुसऱ्या दिवशी एका घरून मिळालेलं लुगडं परत नेऊन दिलं आणि फाटकं नेसून बसली. मी चार वर्षांची होते, पण ते लुगडं मला आठवतं.

तू विचारलंस, त्या काळातला घरी शिवलेला एखादा झगा माझ्याकडे आहे का. आहे. एकच. देणार नाही.

शेंगाचटणी पाठवली आहे. डबा परत पाठव.

तुझी आत्या,
सुकन्या

पुणे
१९ जानेवारी २०२४

आत्या,
सप्रेम जयभीम.

डावा खांदा उसवला. तुझंच बरोबर होतं, राग यावा इतकं बरोबर. चटणी संपली. डबा पाठवतेय, आत तिळाच्या वड्या आहेत, रिकामा डबा पाठवला तर तू तेही लिहिशील.

तात्यांची गोष्ट बाबांनी सांगितली होती. पण तो नियम कुणी दया म्हणून दिलेल्या कपड्यांबद्दल होता ना? मला कुणी देत नाही. मी शोधते, निवडते, घासाघीस करून विकत घेते आणि मग चार-चार रविवार उसवत बसते. सतरा झगे झालेत माझ्याकडे. त्यातल्या एकालाही मी कुणाचा उतरलेला म्हणत नाही. मी त्यांना पुन्हा उभं केलंय.

तुझ्याकडे झगा आहे हे वाचून मी ऑफिसात खुर्चीवरून उठले. सांगते का. जुने कपडे जमवणाऱ्या आम्हा दहाबारा जणींचा गट आहे. मार्चच्या शेवटी आम्ही प्रदर्शन भरवतोय. फक्त घरी शिवलेले कपडे, पन्नास ते पासष्ट सालातले, आणि प्रत्येकाशेजारी शिवणारीचं नाव. मला तिथं लिहायचंय, "शिवणारी: भीमाबाई, सोलापूर." माझ्या आजीच्या हातचं माझ्याकडे काहीच नाही. ती गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते.

बाबांना विचारलं तर म्हणाले, "ताईला त्या झग्याचं काढू नको. लई चिडती." का, ते त्यांनाही माहीत नाही. आत्या, द्यायचा नाही, दाखवायचा नाही, तर इतकी वर्षं ठेवलास कशाला?

तुझी,
प्रतिक्षा

सोलापूर
२८ जानेवारी २०२४

चि. प्रतिक्षा,
सप्रेम जयभीम.

वड्या कडक झाल्या होत्या. पाक दोन मिनिटं आधी उतरवायला हवा होता.

तुझा शेवटचा प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देते. तुझ्या बापाला हे माहीत नाही. तो तेव्हा दोन वर्षांचा होता. वाचून झालं की पत्र फाडून टाक.

१९६२. मी चौथीत होते. आई रेल्वेच्या एका साहेबाच्या बंगल्यावर धुणंभांडी करायला जायची. सगळ्या गावात तेवढं एकच घर होतं तिच्याकडे. धोब्याचं गाठोडं आलं की कपडे मोजून घ्यायचं काम माझं, कारण आईला वीसच्या पुढे मोजता येत नव्हतं. त्या गाठोड्यात बाईसाहेबांचा हिरव्या-पांढऱ्या चौकडीचा झगा असायचा. मला तो फार आवडायचा. घडी घालताना मी त्यावरून हात फिरवायची.

त्या वर्षी मी वर्गात पहिली आले. बक्षीस समारंभात कविता म्हणायची होती आणि माझा एकुलता परकर गुडघ्याशी फाटलेला होता. समारंभाच्या आदल्या दिवशी आईनं मला झगा दिला. हिरवी-पांढरी चौकडी. गोल कॉलर, फुग्याच्या बाह्या, कमरेला पट्टी. सगळं हातानं शिवलेलं, आमच्याकडे मशीन कुठलं. तात्यांना तिनं सांगितलं, "कटपीस घेतला दुकानातनं." तात्या खूश झाले.

मी खूश झाले नाही. मला डोळे होते. एका बाजूला चौकोनी तुकडा बाकीच्या कापडाहून गडद होता, तिथं कधीतरी खिसा होता. कमरेवर जुन्या शिलाईची भोकं होती. तो नवा कटपीस नव्हता. कुणी दिला म्हणावं, तर तात्यांच्या शब्दाबाहेर जाऊन आईनं कुणाचं उतरलेलं घेतलं नसतं. मग राहिलं काय?

समारंभाला पाहुण्या म्हणून कोण आलं? त्याच बाईसाहेब. त्यांनी माझ्या बाहीला हात लावला, कापड बोटांत धरलं आणि विचारलं, "किसने सिया?" मी बक्षीस न घेता खाली उतरले. दोन आठवड्यांनी आईचं बंगल्यावरचं काम सुटलं. दहा वर्षांच्या मुलीला आणखी कोणता पुरावा हवा?

आईला मी एका शब्दानं विचारलं नाही. झगा पुन्हा घातला नाही, एवढंच. घट्ट होतो म्हणून सांगितलं. तिनं बाजू उसवून सैल केला. मी म्हणाले, अजून घट्ट होतो. तिनं पुन्हा उसवून सैल केला. मी म्हणाले, गळ्याशी काचतो. मग तिनं तो धुऊन, घडी घालून पेटीत ठेवला आणि पुन्हा कधी काढला नाही.

पुढं मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, एकतीस वर्षं शाळेत काढली. कॉपी करणारं एक पोर सोडलं नाही. बाई कडक आहेत, असं लोक म्हणायचे. का कडक, ते मला माहीत होतं. आई शेवटी माझ्याकडेच होती, सहा वर्षं. तिचं सगळं मी केलं. पण तिच्याजवळ बसून गप्पा मारल्या असं मला आठवत नाही.

ती असेपर्यंत झगा टाकता आला नाही, तिनं विचारलं असतं. ती गेल्यावर टाकवला नाही. तर असा तो झगा आहे. चोरीच्या कापडाशेजारी माझ्या आईचं नाव लिहून भिंतीवर टांगायचं नाही. विषय संपला.

आत्या

पुणे
४ फेब्रुवारी २०२४

आत्या,
सप्रेम जयभीम.

पत्र फाडलं नाही. रागाव. कपाटात खाली ठेवलंय, कुणाला दाखवणार नाही.

प्रदर्शनाचं मी पुन्हा काढणार नाही. दुसरंच विचारायचंय, आणि तू शिक्षिका होतीस म्हणून तू उत्तर देशील.

मी जमवलेल्या जवळजवळ प्रत्येक झग्यावर आतून एक काळी खूण सापडते. धोबी बिब्ब्याच्या रसानं करायचे ती. प्रत्येक घराची खूण वेगळी, म्हणजे एकाचं गाठोडं दुसऱ्याकडे जाऊ नये. बिब्ब्याचा डाग पन्नास वर्षं धुतला तरी जात नाही, हे तुला मी सांगायला नको. तू ती गाठोडी मोजून घ्यायचीस. बंगल्याची खूण तुला आठवते का?

आणि हिरवी-पांढरी चौकडी, आत्या. हे कापड गिरणीत विणलेलं, त्या काळी ताग्यांनी खपलेलं. माझ्या सतरांत तसे दोन आहेत. एक खडकीचा, एक मिरजेचा.

एकदा तो झगा माझ्याकडे पाठवशील? मी कात्री लावणार नाही. फक्त पाहीन.

प्रतिक्षा

सोलापूर
११ फेब्रुवारी २०२४

चि. प्रतिक्षा,

खूण आठवते. एक आडवी रेघ, तिच्यावर दोन टिंबं. दर बुधवारी पाहत होते, विसरेन कशी.

झगा पाठवते आहे. सोबत कापडाची एक पिशवी आहे. बाईसाहेबांनी आईला उशीचा जुना अभ्रा दिला होता, त्याची आई भाकरी बांधायला पिशवी करून वापरायची. अंगावर घालायचं नाही, एवढाच तात्यांचा नियम होता. पिशवीच्या तळाशी ती खूण आहे. माझ्या आठवणीवर विसंबू नको, कापडावर कापड ठेवून पाहा.

झग्यावर मला खूण कधी दिसली नाही. पण मी तो आतून उलटून कधी पाहिलाही नाही. आता हात थरथरतो, म्हणून मी उसवणार नाही. तू उसव. गरज पडेल तेवढंच.

आणि एक. खूण तीच निघाली तर मला समजूत घालणारं पत्र नको. त्या काळची गरिबी, आईचं मन वगैरे काही लिहू नको, ते मला सगळं माहीत आहे. एका ओळीचं पत्र टाक. तीच, एवढंच लिही.

आत्या

पुणे
२० फेब्रुवारी २०२४

आत्या,

वेगळी.

वेगळी आहे, आत्या. तीन उभ्या रेघा आणि त्यांना छेदणारी एक तिरपी. पिशवी शेजारी ठेवून तीनदा पाहिलं. फोटो काढून मोठे करून सोबत पाठवतेय, तुझ्या भिंगाखाली धरून तूच बघ.

तुला ती का दिसली नाही ते सांगते. आजीनं कापड उलटवलंय. बाहेरची बाजू उन्हानं विटली होती, म्हणून तिनं सगळे तुकडे सुटे करून आतली बाजू वर घेतली. चौकडी विणलेली असल्यानं दोन्हीकडून सारखीच दिसते. पण उलटवल्यावर धोब्याची खूण वर आली. मग तिनं कापणी अशी केली की खूण बरोबर मानेमागं येईल, आणि वर कॉलर बसवली. मी कॉलरची मागची शिलाई चार इंच उसवली, तेव्हा सापडली. इतकी बारीक हातशिलाई मी सतरा झग्यांत पाहिलेली नाही. एका इंचात चौदा टाके.

बाजूंच्या शिलाईला भोकांच्या दोन जुन्या ओळी आहेत. पहिल्यांदा पाव इंच सैल केलाय, मग आणखी पाव इंच. अजून दोन्हीकडे इंच-इंच कापड आत दाबलेलं शिल्लक आहे. तू वाढशील आणि चारपाच वर्षं घालशील, असा तिचा हिशेब होता.

आता तू म्हणशील, बंगल्याचा नाही तर दुसऱ्या कुठला असेल. पण तूच लिहिलंयस की आजीकडे गावात तेवढं एकच घर होतं. मग हा आला कुठून? त्या वेळचं शेजारपाजारचं कुणी आहे का अजून?

प्रतिक्षा

सोलापूर
२९ फेब्रुवारी २०२४

चि. प्रतिक्षा,
सप्रेम जयभीम.

फोटो भिंगाखाली पाहिले. पाहून झाल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसला. पुसलेलाच होता.

एकच माणूस आहे. काशम्मा. चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. तिचा नवरा मागावर विणायचा, ती त्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. मी लहान असताना माझ्या आजीनं, अंबुबाईनं, मला तिच्या घरी जायची बंदी केली होती. का, ते आम्हाला सांगितलं नव्हतं. शेजारीण भांडखोर असेल असं मी धरून चालले. नंतर आम्ही घर बदललं. तिचा नातू बसू सात रस्त्याला झेरॉक्सचं दुकान चालवतो. पेन्शनचे कागद मी त्याच्याकडेच काढते, आणि दर वेळी तो म्हणतो, "आजी विचारती तुमाला." दर वेळी मी म्हणते, येईन कधीतरी.

रविवारी गेले. भद्रावती पेठेत दोन खोल्या, बाहेर पलंग, त्यावर काशम्मा. अठ्ठ्याऐंशी वर्षांची. मला पाहून म्हणाली, "साठ वर्सं लागले होय ग तुला गल्ली वलांडायला? बस की. लई मोठी हेडमास्तरीण झाली म्हणं."

मी इकडचं तिकडचं बोलले नाही. सरळ विचारलं, "मावशी, चौथीत असताना आईनं मला हिरवा झगा शिवला होता. कापड कुठलं?"

ती हसायलाच लागली. "तपेल्याचा झगा!"

"कसलं तपेलं?"

"तुझी आई माहेरनं आणली होती की. वळसंगचं. पितळीचं, एवढं मोठं. बोहारीण माझ्या उंबऱ्यावर बसायची. बोहारीण काय करती? जुनं कापड घेती, भांडं देती. तुझी आई उलटं केली. भांडं दिली, कापड घेतली. बोहारीण बी बघत राहिली. म्हणली, बाई, आजवर असं गिऱ्हाईक न्हाय बघितलं."

मी विचारलं, "मग तात्यांना कटपीस का सांगितलं?"

"तर काय सांगंल? तुझा बाप उतरलेलं चालू देतो होय? तुझी आई मला म्हणली, काशम्मा, कुणी दिलेलं न्हाय हे. मागून न्हाय आणलं, देऊन आणलं. पण माणसाला कुटं समजावत बसू? पोरगी उद्या उभी राहायची हाय."

"आणि तपेलं नाही म्हणून आजीच्या लक्षात आलं नाही?"

यावर ती इतकी हसली की सून पाणी घेऊन आली. "न्हाय आलं? आग लागली की घरात! चोर कोण? शेजारची काशम्मा! तुझी आजी दोन वर्सं मला चोरटी म्हणायची. नळावर माझी घागर सरकवायची. तुझी आई रडायची, सांगून टाकते म्हणायची. मीच न्हाय सांगू दिली. मी म्हणलं, माझं काय जातंय? म्हातारी दोन शिव्या देईल. तू सांगितली तर तुझ्या पोरीच्या अंगावरनं झगा काढतील."

प्रतिक्षा, घरात चोर ठरलेलं माणूस होतं, फक्त ते दुसरंच होतं. आणि मला तिच्या घरी जायची बंदी होती ती यासाठी.

बंगल्याचंही विचारलं. काम सुटलं नव्हतं. काशम्मानंच आईला कांड्या भरायला नेलं, तिथं पैसे जास्त होते. आणि बाईसाहेबांनी "किसने सिया?" विचारलं ते आईच्या कानावर आलं होतं. महिनाभर ती काशम्माला सांगत होती, बाईसाहेबांना शिलाई आवडली. तो साधा प्रश्न होता. कोणी शिवला? मी एका शब्दात उत्तर देऊ शकले असते.

मी म्हटलं, "मावशी, तू हे आधी का नाही बोललीस?"

"तू कवा विचारली?"

निघताना तिनं माझा हात धरला. म्हणाली, "एक मात्र तुझ्या आईच्या मनात राहिलं बघ. पोरगी झगा घालत न्हाय. किती बार मला विचारली, गळा चुकला का ग काशम्मा? गळ्यातच चुकलं असंल माझं."

मी घरी आले आणि दुपारी झोपले. तीन तास. एवढी मी निवृत्त झाल्यापासून झोपले नव्हते. उठले तेव्हा ऊन गेलं होतं आणि मला भूक लागली होती.

झगा प्रदर्शनात लाव. आईचं नाव मोठ्या अक्षरात. शुद्धलेखन मला आधी दाखव.

आत्या

पुणे
६ मार्च २०२४

आत्या,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. एक मुलगी थांबून विचारायला लागली, कुणी गेलं का. म्हटलं नाही, परत आलं.

पाटीवर असं लिहिलंय:

"झगा, १९६२. शिवणारी: भीमाबाई, सोलापूर. कापड पितळी तपेल्याच्या बदल्यात घेतलेलं. कापड उलटवून, पूर्ण हातशिलाई. साक्षीदार: काशम्मा, शेजारीण."

चालेल का? उसवलेली कॉलर आजीच्याच भोकांतून पुन्हा शिवली. प्रदर्शनानंतर झग्याचं काय करू? हा माझ्या कपाटात ठेवायचा नाही, एवढं मला कळतंय.

प्रतिक्षा

सोलापूर
९ एप्रिल २०२४

चि. प्रतिक्षा,
सप्रेम जयभीम.

प्रदर्शन चांगलं झालं. माणसं जास्त आणि पंखे कमी होते. पाटीसमोर एक बाई रडत होती, तिला मी सांगितलं की रडण्यासारखं काही नाही, नीट वाचा. तुझ्या अंगातला पिवळा झगा खांद्यावर बरोबर बसला होता. तो तुला शोभतो. उतरलेल्या कपड्यांबद्दल मी जानेवारीत जे लिहिलं, त्यातला तुझ्यापुरता भाग मागं घेते.

झगा तू माझ्या हवाली केलास, त्याचं काय झालं ते कळवते. मी तो काशम्माकडे नेला. दुकानातून एक पितळी तपेलंही घेऊन गेले होते. ते पाहून ती म्हणाली, "आता यात काय शिजवू, माझे दात?" पण ठेवून घेतलं आणि सुनेला उशाशी ठेवायला सांगितलं.

मग तिनं झगा मांडीवर घेतला. उलटा करून पाहिला, कॉलर वर करून खूण पाहिली. म्हणाली, "कुणाच्या तरी अंगावर बघू दे की एकदा. तू तर घातलीच न्हाय." तिची पणती आहे, बसूची मुलगी, संस्कृती. दहा वर्षांची, चौथीतच. तिला बोलावलं. कापड जुनं आहे, धसमुसळेपणा चालणार नाही, असं मी आधीच बजावलं. तू प्रदर्शनात म्हणालीस तसं, जपून घातलं तर निभेल.

पोरीनं घातला, हात वर केले आणि म्हणाली, "आजी, बाजूला घट्ट होतोय."

खरंच घट्ट होत होता. हल्लीची मुलं अंगानं भरलेली. मी चष्मा लावला आणि सुई मागितली. हात थरथरत होता, तरी सुनेला शिवू दिलं नाही. दोन्ही बाजू उसवल्या. आत इंच-इंच कापड होतं, तुझ्या पत्राप्रमाणे. न विटलेलं, आईनं पाहिलं होतं तसं हिरवंगार. अर्धा इंच सोडला आणि अर्धा पुढच्यासाठी तसाच ठेवला. माझे टाके इंचाला आठ भरले. आईची सर नाही, पण धरतील.

संस्कृतीनं पुन्हा घातला. काशम्मानं तिला पलंगाभोवती दोनदा फिरवलं.

"आता?" मी विचारलं.

"आता बरोबर."

"गळ्याशी काचतो?"

"नाही हो आजी. गळा एकदम मस्त आहे."

मी काशम्माकडे पाहिलं. ती मला म्हणाली, "ऐकलीस?"

मी म्हटलं, ऐकलं. मला नीट ऐकू येतं.

तुझी आत्या,
सुकन्या